बद्द

सहाला हँगरचं शटर वर जातं.
गोकुळ शिरगावच्या भट्ट्यांचा धूर
तेव्हा उजळाईवाडीच्या माळावर अजून लोळत असतो.
आत हे उभं. दोन खुर्च्यांचं, पांढरं,
एका गाभण म्हशीएवढ्या वजनाचं.
पांढरा रंग हौसेनं दिलेला नाही.
गडद दिला तर मे महिन्यात राळ मऊ पडेल,
आणि याच्या अंगात राळ आणि कापड सोडून
फारसं काही नाही.

माझ्याकडे एक जुना रुपया आहे, जाड,
दुकानदार आता घेत नाहीत असला.
तो दोन बोटांत धरून पंखावर वाजवत जाते,
बोटभर अंतर सोडत, रांगोळीचे ठिपके टाकावेत तशी.
टिक. टिक. टिक.
नवी पोरं हसतात.
एवढं महागाचं विमान, आणि मॅडम रुपयानं तपासतात.

पत्र्याचं बरं असतं. मार लागला की पोचा पडतो,
लांबून दिसतो, नाकारता येत नाही.
हे आपटलं तर पुन्हा गुळगुळीत होतं.
आत थराची थराशी फारकत,
वर रंग तसाच, धुतल्यासारखा.

कानाचं हे काम मी उद्यमनगरात शिकले.
बळवंत लोहार, माझे बाबा, फाउंड्रीत
पंपाची कास्टिंगं साखळीला टांगून
हातोडीनं ठोकायचे.
खण्ण आलं तर उजवीकडे. बद्द आलं की परत भट्टीत.
मालक घाईवर आला तरी तेच.
“ऑर्डर कुणाची बी असू दे. बद्द ते बद्द.”
पुढं एकदा डॉक्टरांनी त्यांच्या पाठीवर
बोट टेकवून त्यावर दुसरं बोट मारलं,
खाली सरकत गेले, बोटभर अंतरानं.
डाव्या बाजूला, बरगड्यांच्या शेवटाशी, थांबले.
बाबा माझ्याकडे वळले. “ऐकलंस?”
ऐकलं होतं.

मंगळवारी डाव्या चाकाच्या वर,
पाय जिथं पोटात शिरतो तिथं,
टिक टिक करत आलेला रुपया
अचानक पुठ्ठ्यावर पडल्यासारखा वाजला.
पुन्हा वाजवला. पुठ्ठाच.

लॉगबुकात शेवटची नोंद पद्मजा गाटची.
हुपरीच्या चांदीवाल्यांची पोर, एकोणीस वर्षांची.
लँडिंग: सामान्य.

शिकलगार सर म्हणाले, एवढासा तर डाग आहे,
आभाळ आज कुठं उघडलंय,
नऊ जण बूट घालून बसलेत.
मी लाल पट्टी बांधून टाकली.
ते बराच वेळ पट्टीकडेच बघत राहिले,
मग नऊ जणांना चहाला घेऊन गेले.

पद्मजाला बोलावलं. काही विचारलं नाही.
रुपया तिच्या हातात दिला, म्हटलं, वाजव.
चांदीच्या घरातलं पोर,
खोटं नाणं झोपेत ओळखेल.
ती पंखाच्या टोकाकडून निघाली. टिक. टिक.
चाकाजवळ आली तशी बोटं लांबली,
ती जागा वगळून पुढं गेली.
मी गप्प.
मग परत आली आणि तिथंच वाजवलं,
एकदा, मग तीनचारदा,
कुणी दार उघडत नाही तेव्हा वाजवतात तसं.

“वारा बाजूनं आला होता,” ती म्हणाली.
“उसळलं. दोनदा.
उतरून वाकून बघितलं मी, मॅडम,
चरासुद्धा नव्हता.
आणि आईला आदल्या रात्रीच सांगितलं होतं
की आता एकटीनं उडवायला देतील.”

खुर्च्यांच्या मधली लाल दांडी तिनं
आईला फोटोतून दाखवली होती.
ओढली की अख्ख्या विमानाला छत्री.
आई त्या रात्री झोपली म्हणे.
छत्रीला उंची लागते, हे फोटोत येत नाही.

लॉगबुक पुढं सरकवलं.
ती खोडायला लागली, जोर लावून, गिरवून गिरवून.
मी तिचा हात धरला.
एकच रेघ, म्हटलं.
खालचं वाचता आलं पाहिजे.
शेजारी खरं लिही, आणि सही कर.

तिनं रेघ मारली.
सामान्य हा शब्द त्या रेघेखाली
स्वच्छ दिसत होता.
रुपया अजून तिच्या डाव्या मुठीत होता,
मी मागितला नाही.